डोंगराच्या पोटातला उपद्रवी वायू

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या माणसाला बोगद्याचं अप्रूप नाही. १८५६ साली बोरघाटात रेल्वेमार्गाचं काम सुरू झालं, १८६३ साली गाडी वर लोणावळ्याला पोचली, आणि त्या कामात हजारो मजुरांनी प्राण गमावले. पुढे द्रुतगती मार्ग आला, माडपचा बोगदा आला. अलीकडे पनवेल-कर्जत उपनगरी मार्गासाठी वावर्ले इथे सुमारे २.६ किलोमीटर लांबीचा बोगदा खणला गेला. आपण डोंगर पोखरतो ते पलीकडे जाण्यासाठी. पण जगात काही माणसं अशी आहेत की जी डोंगराच्या पोटात शिरतात आणि तिथेच थांबतात. पलीकडे जाण्याची त्यांना घाई नसते. त्यांना हवी असते फक्त शांतता. आज मी तुम्हाला सांगणार आहे ते या माणसांबद्दल, आणि त्यांची शांतता मोडणाऱ्या एका वायूबद्दल. या वायूचं नाव रेडॉन.

ही माणसं शोधतात तरी काय? त्यांचा शोध आहे कृष्णद्रव्याचा. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञानं दीर्घिकांच्या एका समूहाचा अभ्यास केला. त्या दीर्घिका इतक्या वेगानं फिरत होत्या की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनावर तो समूह एकत्र राहणंच शक्य नव्हतं. पुढे १९७०च्या दशकात व्हेरा रुबिन यांनी एकेका दीर्घिकेच्या फिरण्याची मोजमापं केली आणि तोच हिशेब पुन्हा पुढे आला. न दिसणारं काहीतरी तिथे आहे आणि त्याचं वजन दिसणाऱ्या पदार्थापेक्षा कितीतरी अधिक आहे. आज असं मानतात की विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के हे असं अदृश्य आहे. ते प्रकाश देत नाही, प्रकाश अडवत नाही. ते सूक्ष्म कणांचं बनलेलं असेल, तर ते कण या क्षणी तुमच्या-माझ्या अंगातून, तुमच्या रेडिओतून, सोंडाई आणि इर्शाळगडाच्या कातळातून आरपार जात असतील.

यांतला एखादा कण क्वचित कधी एखाद्या अणूच्या गाभ्यावर आदळेल, अशी शास्त्रज्ञांची आशा आहे. त्यासाठी मोठ्या टाकीत झेनॉनसारखा वायू थंड करून द्रवरूपात भरतात. धक्का बसला की त्या द्रवात प्रकाशाची एक बारीकशी चमक उठते आणि थोडे इलेक्ट्रॉन सुटे होतात. चमक टिपायची, इलेक्ट्रॉन मोजायचे आणि वाट पाहायची. वर्षाकाठी अशा एखाद-दोन घटना घडल्या तरी पुष्कळ.

अडचण अशी की जमिनीवर आपण सतत भडिमारात उभे असतो. आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे म्यूऑन नावाचे कण खाली बरसत असतात. हाताचा तळवा आडवा धरा. दर सेकंदाला एखाद-दुसरा म्यूऑन त्यातून जातो. अशा पावसात कृष्णद्रव्याचा एक थेंब वेगळा ओळखणार कसा? म्हणून छत्री लागते, आणि ती छत्री दगडाची असावी लागते.

किती दगड? याचा अंदाज कर्जतच्या माणसाला चटकन येईल. कर्जतहून लोणावळ्याला जाताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर उंची चढते. झारखंडमध्ये जादूगुडा इथे आपल्या देशाची एक भूमिगत विज्ञान प्रयोगशाळा आहे, ती जमिनीखाली ५५५ मीटरवर आहे. म्हणजे आपला अख्खा बोरघाट डोक्यावर घेऊन बसल्यासारखं. इटलीत रोमच्या पूर्वेला ग्रान सासो नावाचा डोंगर आहे. तिथे तर गंमतच आहे. द्रुतगती मार्गासाठी डोंगरातून दहा किलोमीटरचा बोगदा काढला आणि त्या बोगद्याच्या कडेलाच प्रयोगशाळेची प्रचंड दालनं खोदली. माडपच्या बोगद्यात मध्येच डावीकडे एक फाटा फुटावा आणि मालमोटार सरळ प्रयोगशाळेच्या दारात जावी, तसा प्रकार. तिथे डोक्यावर १,४०० मीटर खडक आहे आणि त्यामुळे म्यूऑनांचा मारा दहा लाखांश झाला आहे.

आपल्या देशाला हे काम नवं नाही. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ उतरत असत. १९६५ साली तिथे दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर त्यांनी वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. जगात हे काम पहिल्यांदा करणाऱ्या दोन गटांपैकी तो एक होता. २००१ साली ती खाण बंद झाली. पुढे तामिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात न्यूट्रिनो वेधशाळा उभारायचं ठरलं, २०१५ साली केंद्र सरकारनं मंजुरी दिली. नब कुमार मंडल आणि त्यांच्यानंतर विवेक दातार यांनी त्या प्रकल्पाची धुरा वाहिली. त्याच डोंगरात कृष्णद्रव्याचाही शोध घ्यावा असा विचार होता. पण पर्यावरणाचे प्रश्न, स्थानिकांचा विरोध आणि कोर्टकचेऱ्या यांत तो बोगदा अडकला आणि अजून खणला गेलेला नाही. जादूगुड्याची प्रयोगशाळा मात्र सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली.

आता खरी गोष्ट सुरू होते. आकाशातला पाऊस चुकवायला माणूस डोंगरात शिरला, आणि आगीतून फुफाट्यात पडला. कारण खडक स्वतःच किरणोत्सारी असतो.

कुठल्याही दगडात, मातीत, विटेत युरेनियमचा थोडा अंश असतो. युरेनियमचे अणू फार सावकाश फुटतात. एकातून दुसरं मूलद्रव्य, दुसऱ्यातून तिसरं, अशी ती वंशावळ उतरत जाते. त्या वंशात पुढे रेडियम येतं आणि रेडियमच्या पोटी रेडॉन जन्मतो. या वंशातली बाकी सगळी मंडळी धातू किंवा धातूसारखी आहेत. जिथे जन्मली तिथेच दगडात रुतून बसतात. रेडॉन एकटाच वायू. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो कोणाशी रासायनिक संयोग करत नाही, म्हणून गाळणीतही अडकत नाही. दगडाच्या भेगांतून, मातीच्या कणांमधून, सिमेंटातून तो निसटतो आणि हवेत मिसळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, १८९९-१९०० च्या सुमारास, रदरफोर्ड आणि डॉर्न यांच्या प्रयोगांतून या वायूची ओळख झाली.

रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं. म्हणजे आज शंभर अणू असतील तर चार दिवसांनी पन्नासच्या आत येतात. पण मरताना तो मुलंबाळं मागे ठेवतो. पोलोनियम, शिसं, बिस्मथ अशी ही पिलावळ तासाभराच्या आत एकामागून एक फुटते. शेवटी शिशाचा एक प्रकार उरतो, त्याचं अर्धायुष्य २२ वर्षांचं. तो जिथे चिकटेल तिथे पिढीभर ठाण मांडून बसतो.

मोकळ्या हवेत एका घनमीटरमध्ये साधारण दहा बेकरेल रेडॉन असतो, म्हणजे दर सेकंदाला दहा अणू फुटतात. हिशेब केला तर त्या एका घनमीटर हवेत रेडॉनचे जवळजवळ पन्नास लाख अणू भरतात. वारा खेळत नाही अशा बोगद्यात किंवा खाणीत हाच आकडा शेकडो, प्रसंगी हजारो बेकरेलवर जातो. युरोपात बोहेमिया आणि सॅक्सनीच्या डोंगरांतल्या खाणकामगारांना शतकानुशतकं छातीचा एक जीवघेणा आजार जडत असे. तो फुप्फुसाचा कर्करोग होता आणि त्यामागे खाणीतला रेडॉन होता, हे समजायला विसावं शतक उजाडावं लागलं. मादाम क्यूरी यांनी ज्या खनिजातून रेडियम वेगळं केलं, ते याच भागातल्या योआखिमस्थालच्या खाणीतलं.

कृष्णद्रव्याच्या टाकीत रेडॉन शिरला तर काय होतं? त्याच्या पिलावळीतलं एक शिसं फुटताना एक इलेक्ट्रॉन बाहेर टाकतं आणि कधीकधी दुसरी कोणतीही खूण मागे ठेवत नाही. बाकी किरणोत्सार टाकीच्या भिंतींतून येतो, तो कडेलाच अडतो, मध्यभागापर्यंत पोचत नाही. रेडॉन मात्र द्रवात विरघळून थेट मध्यभागी जाऊन बसतो. चोर बाहेरून आला तर कुलूप लावता येतं, तो घरातच राहायला आला तर काय करणार? आणि हा चोर हुबेहूब पाहुण्यासारखा दिसतो. ज्या कणाची पन्नास-पाऊणशे वर्षं वाट पाहिली तो आला, की रेडॉनचं नातवंड फुटलं, हे सांगता आलं नाही तर साऱ्या प्रयोगावर पाणी.

म्हणून रेडॉनविरुद्ध एक लढाई चालते. तिचे डावपेच ऐकण्यासारखे आहेत.

पहिला डाव हवेचा. बाहेरची ताजी हवा मोठ्या नळ्यांतून सतत आत सोडायची. बोगद्याचं काम चालू असताना छताला लटकवलेली ती फुगलेली जाड नळी तुम्ही पाहिली असेल. तत्त्व तेच. कोंडाण्याची लेणी दर्शनी बाजूनं मोकळी आहेत, तिथे वारा खेळतो आणि रेडॉन साचायला जागा राहत नाही. बंद बोगद्याला हा वारा विकत घ्यावा लागतो.

दुसरा डाव खडकाच्या निवडीचा. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम तुलनेनं जास्त, दहा लाख भागांत तीन-चार भाग किंवा त्याहून अधिक. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, काळ्या बेसाल्टचा. त्यात हे प्रमाण दहा लाखांत एक भाग किंवा त्याहूनही कमी. मिठाच्या खडकात तर आणखी कमी. इंग्लंडमधल्या बोल्बी इथल्या प्रयोगशाळेला मिठाच्या थरांचा हाच फायदा मिळतो.

तिसरा डाव वेळ काढण्याचा, आणि तो मला सगळ्यांत आवडतो. कर्जत स्थानकात अनेक गाड्या थांबतात, मागे बँकर इंजिनं लागतात, मग घाट चढतात. गाडी थांबली की प्रवासी बटाटेवडा खातात आणि वेळ निघून जातो. शास्त्रज्ञ रेडॉनला असंच थांबवतात. अतिशय थंड केलेल्या कोळशाच्या नळ्यांतून हवा नेतात. हवेतले बाकीचे वायू सरळ निघून जातात. रेडॉनचा जड अणू मात्र कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत टेकतो, सुटतो, पुन्हा टेकतो. असं रेंगाळत तो पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत त्याचं आयुष्यच संपतं. महिनाभर अडवून धरला तर आठ वेळा निम्मा होऊन त्याचा अडीचशेवा हिस्साच उरतो. त्याला मारावं लागत नाही, नुसतं थांबवून ठेवलं की पुरे.

चौथा डाव सामानाच्या निवडीचा. टाकीचा प्रत्येक नट, बोल्ट, वायर, वेल्डिंगचा सांधा यांत रेडियमचा अंश असू शकतो आणि तो आयुष्यभर रेडॉन सोडत राहतो. म्हणून प्रत्येक वस्तू आधी बंद डब्यात दिवसचे दिवस ठेवतात आणि किती रेडॉन साठला ते मोजतात. अमेरिकेत साउथ डाकोटात एका जुन्या सोन्याच्या खाणीत दीड किलोमीटर खाली एलझेड नावाचा प्रयोग आहे. त्यात दहा टन झेनॉन भरलेलं आहे. त्याच्या टाकीसाठी पुरेसं शुद्ध टायटॅनियम मिळेपर्यंत नमुन्यांमागून नमुने तपासावे लागले. मग जोडणी. ती रेडॉन काढून टाकलेल्या हवेच्या बंदिस्त खोलीत करायची, कारण रेडॉनची पिलावळ विद्युतभारित असते आणि प्लॅस्टिकसारख्या पृष्ठभागावर जाऊन चिकटते. टीव्हीच्या जुन्या काचेवर धूळ बसायची तशी. एकदा चिकटली की ते २२ वर्षांचं शिसं आलंच. मग आम्लानं धुणं, घासणं, चकचकीत करणं.

पाचवा डाव ऊर्ध्वपातनाचा. झेनॉन उणे १०८ अंश सेल्सिअसला उकळतं, रेडॉन उणे ६२ अंशांच्या आसपास. म्हणजे दोघं एकत्र तापवले की झेनॉनची वाफ आधी वर जाते आणि रेडॉन तळाच्या द्रवात मागे राहतो, तिथेच फुटून संपतो. ग्रान सासोच्या झेनॉनएनटी प्रयोगात साडेआठ टनांहून अधिक झेनॉन अशा उंच स्तंभातून सतत फिरवलं जातं. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तिथे एक टन झेनॉनमध्ये रेडॉनचे सुमारे ४३० अणू उरले आहेत. आठवा, तुमच्या अंगणातल्या एका घनमीटर हवेत पन्नास लाख. आणि ती हवा भरते जेमतेम सव्वा किलो.

आता आपल्या जादूगुड्याकडे वळू. ही खाण कशाची, तर युरेनियमची! म्हणजे ज्या वंशाचा रेडॉन, त्याच्या मूळ पुरुषाच्याच वाड्यात जाऊन शांतता शोधायची. कोलकात्याच्या साहा अणुभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे धाडस केलं. आधी तिथले म्यूऑन, न्यूट्रॉन आणि गॅमा किरण मोजून घेतले. शत्रू किती ते कळल्याशिवाय लढाई नाही. मग त्यांनी असं उपकरण निवडलं, की जे बऱ्याच गोंगाटाला बहिरं आहे. जेलसारख्या पदार्थात एका द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब अडकवलेले असतात. ते उकळायला हवेत इतके तापलेले, पण उकळलेले नसतात. अणुगर्भाला जोराचा धक्का बसला तरच थेंब फुटून बुडबुडा होतो आणि टिक असा आवाज येतो. गॅमा किरण आणि इलेक्ट्रॉन यांना ते दाद देत नाहीत. पण रेडॉनच्या अल्फा कणांना देतात. मग फरक कसा करायचा? कॅनडातल्या पिकासो प्रयोगात २००८ साली लक्षात आलं की अल्फा कणानं फुटलेल्या थेंबाचा आवाज थोडा मोठा असतो. डोळ्यांना जे कळत नाही ते कानांनी ओळखायचं. मडकं वाजवून पाहणाऱ्या आपल्या आज्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही.

एवढं करून कृष्णद्रव्य सापडलं का? नाही. एलझेडनं २०२४ साली २८० दिवसांची नोंद जाहीर केली, त्यात कृष्णद्रव्याची खूण नव्हती. इटलीतल्या दामा या गटाचा मात्र १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून दावा आहे, की त्यांच्या उपकरणात दर उन्हाळ्यात घटना वाढतात, हिवाळ्यात कमी होतात, आणि हे कृष्णद्रव्यच आहे. आता ऋतूंबरोबर बदलणाऱ्या गोष्टी डोंगरात बऱ्याच असतात. म्यूऑन बदलतात, जमिनीतला ओलावा बदलतो, रेडॉनही बदलतो. त्या गटानं आपलं उपकरण नायट्रोजनमध्ये बंद ठेवून रेडॉन दूर राखला आहे. तरीही त्यांनी वापरले तशाच स्फटिकांचे प्रयोग स्पेन आणि दक्षिण कोरियात झाले, आणि तिथे हा चढउतार दिसला नाही. विज्ञानात दावा करणाऱ्याच्या शब्दाला मोल असतं, पण दुसऱ्या डोंगरातही तेच दिसावं लागतं.

मग कोणी विचारेल, की सापडत नाही त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? माझं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग विज्ञानाचा. रेडॉन इतका कमी झाला, की झेनॉनएनटीमध्ये त्याचा गोंगाट आता सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंच्या पातळीला आला आहे. २०२४ साली या प्रयोगानं आणि चीनमधल्या पांडाएक्सनं सूर्याच्या न्यूट्रिनोंनी झेनॉनच्या अणुगर्भांना दिलेल्या धक्क्यांची पहिली चाहूल जाहीर केली. शोधायला गेले अंधार, आणि हाती येऊ लागला सूर्य.

दुसरा भाग तुमच्या-माझ्या घराचा आहे. १९८४ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एका अणुवीज केंद्राच्या दारात किरणोत्साराची घंटा वाजू लागली. केंद्र अजून बांधून होत होतं. घंटा वाजवणारा अभियंता आत शिरताना वाजवत होता, बाहेर पडताना नव्हे. किरणोत्सार तो घरून आणत होता. त्याच्या घराखालच्या खडकातून रेडॉन वर येऊन साचला होता. तेव्हापासून घरातला रेडॉन हा आरोग्याचा विषय झाला. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचं हे एक महत्त्वाचं कारण आहे. घरातला रेडॉन घनमीटरला शंभर बेकरेलच्या आत असावा, अशी तिची सूचना आहे. आणि जो सिगारेट ओढतो, त्याला रेडॉनचा धोका कितीतरी अधिक.

घाबरून जाण्याचं कारण नाही. आपला काळा कातळ या बाबतीत सौम्य आहे आणि आपली घरं हवेशीर असतात. पण कर्जत-खालापुरात अलीकडे आठवडाभर बंद राहणारे बंगले वाढले आहेत. दारं-खिडक्या घट्ट, आत वातानुकूलन. शनिवारी आलात की आधी तासभर खिडक्या उघडा. जुनी माणसं बंद खोलीला वारा दाखवत, ती रेडॉनचं नाव न ऐकताही बरोबरच करत होती. बोगद्यात, तळघरात, खाणीत दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी मात्र नुसता सल्ला पुरत नाही. तिथे वायुवीजन लागतं आणि मोजणी लागते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं त्यासाठी एक साधी डबी तयार केली आहे. आत एक फिल्म असते. वीज लागत नाही. काही महिने टांगून ठेवायची. अल्फा कण फिल्मवर ओरखडे काढतात, ते मोजले की रेडॉन किती ते समजतं.

एका टन झेनॉनमधले चारशे तीस अणू मोजू शकणारा माणूस, मजुराच्या छातीत जाणारी हवा मोजणार नाही, असं होऊ नये. खोल खाणीतल्या त्या शांततेची किंमत मोठी आहे आणि ती सार्वजनिक पैशातून दिली जाते. तिथे शिकलेली नजर वर जमिनीवर, बोगद्याच्या तोंडाशी हेल्मेट घालून उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचली, तर कृष्णद्रव्य सापडेपर्यंतचा काळ वाया गेला असं कोणी म्हणणार नाही.